चालत्या कर्नलवर हात टाकताना

'रीस्टार्ट मार' हा आपला होस्टेलचा रामबाण उपाय! पण जो सर्व्हर बंदच करता येत नाही, त्याच्या कर्नलचं काय?

लिनक्समधलं एफट्रेस फंक्शनच्या सुरुवातीचा पाच बाइटचा कॉल चालू मशीनवरच बदलतं. २००८ साली, २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत यातूनच मोठा घोळ झाला. वापरून झालेल्या कोडची जागा मोकळी झाली, त्याच पत्त्यावर इंटेलच्या नेटवर्क कार्डची मेमरी आली आणि एफट्रेसने तिथेच लिहिलं! कार्डची कायमस्वरूपी मेमरी बिघडली. रीस्टार्ट करूनही उपयोग शून्य.

आता इंटेलच्या प्रोसेसरवर आधी पहिल्या बाइटवर ब्रेकपॉइंट टाकतात, मग उरलेले चार बदलतात, पहिला सगळ्यात शेवटी. नाहीतर दुसरा कोअर अर्धा जुना, अर्धा नवा कॉल वाचणार. नगर-मनमाड रस्त्यावर वाहतूक चालू ठेवून खड्डा बुजवायचा तर आधी बॅरिकेडच लावावं लागेल ना?

आपण मात्र डेडलॉकच्या चार अटी पाठ करून मार्क मिळवतो. माझ्या मते हे अर्धवट शिक्षण आहे. एफट्रेस व्हर्च्युअल मशीनवर चालतं, खर्च काहीच नाही. सर, पुढच्या टर्मला ओएसच्या लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल याचं ठेवाच!