गंजलेली डबी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन

जिओकॅशिंग हा खेळ तुमच्या मुलांनी किंवा परदेशातल्या नातवंडांनी तुम्हाला दाखवला असेल. कुणीतरी एक डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर देतं आणि बाकीचे मोबाइल घेऊन ती शोधायला निघतात. सापडली की आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि ती होती तिथेच ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी पहिली बादली लपवली. तिथून हा खेळ जगभर गेला.

मला हा खेळ मनापासून आवडतो. ‘आठवड्याला किमान १५० मिनिटं चाला’ असं आम्ही सांगतो, पेशंट मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात वजन तेवढंच. डबी शोधणारा माणूस मात्र न सांगता दोन तास चालतो.

माझा आक्षेप आहे तो डबीला. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या यासाठी फार वापरतात. दिसायला सुबक, लोक त्या जमवतातही. पण झाकण हवाबंद नसतं. एका पावसाळ्यात आतल्या कागदाचा लगदा होतो आणि पत्रा गंजतो. मग ती उघडताना बोट कापतं. रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा त्यापेक्षा कितीतरी बरा, शोभेचा नसला तरी.

बोट कापल्यावर काय होतं? ‘गंजलेलं लागलं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या’ म्हणत लोक येतात. गंजामुळे धनुर्वात होत नाही. त्याच्या जंतूंचे बीजाणू माती, धूळ आणि शेणात असतात आणि खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत ते वाढतात. म्हणजे चकचकीत नव्या डबीने कापलं, पण ती मातीत पडलेली होती, तरी धोका तोच. बाभळीच्या काट्याचंही तसंच.

दुसरा गैरसमज सहा महिन्यांचा. दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यायची काहीही गरज नाही. उलट वारंवार घेतल्याने दंड सुजून दुखतो. सुरुवातीचे तीन डोस पूर्ण असतील, तर किरकोळ स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसनंतर दहा वर्षं होईपर्यंत आणि खोल किंवा माती गेलेल्या जखमेला पाच वर्षं होईपर्यंत नवा डोस लागत नाही.

खरी काळजी मला वाटते ती पन्नाशी-साठीतल्या पुरुषांची. देशात लसीकरणाचा मोठा कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या बायकांना निदान गरोदरपणात तरी ही लस मिळाली. पुरुषांपैकी अनेकांचे तीन डोस कधी झालेच नाहीत. ‘मागे एकदा घेतलं होतं’ हे पुरेसं नाही. अशा माणसाला माती गेलेली जखम झाली, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. तुम्ही या गटात असाल, तर जखमेची वाट न पाहता तीन डोस पूर्ण करून घ्या. हल्ली ‘टीडी’ लस देतात, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण मिळतं. धनुर्वात झाल्यावर मात्र आजही माणूस दगावू शकतो. जबडा उघडेनासा झाला, मान ताठरली, तर घरी थांबू नका.

जखम झाली की आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. हळद, चुना, राख नको.

आणि दगडाच्या फटीत थेट हात घालू नका, आधी काठीने चाळवा. फुरशाला किंवा घोणसाला तुमच्या खेळाशी देणंघेणं नसतं. चावलंच, तर बांधणं-कापणं न करता, तो भाग न हलवता सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात जा.