आज रात्रीच आसारी तपासा

पालकहो, गुरुजनहो, गल्लीतल्या दादा-ताईंनो,

संक्रांत तोंडावर आली आहे. येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस गच्च्या भरतील. नाशकातही शाळा सुटली की पोरं दप्तर टाकून वर पळू लागली आहेत. पळू द्या, पतंग उडवायलाच हवा. पण आसारीवर, म्हणजे मांजाच्या फिरकीवर, गुंडाळलंय काय, हे आज रात्री स्वतःच्या हाताने तपासा.

थोडा दोरा ओढून बघा. नायलॉनचा असेल तर ताणतो, बोटात रुततो, पण सहजी तुटत नाही. काडी लावली तर सुती दोऱ्यासारखी राख होत नाही, तो वितळून त्याची गोळी होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली या मांजावर देशभर बंदी घातली. तरी नायलॉन मांजाचे गट्टू विकले जातात, कारण घेणारे आपणच आहोत. मुलाच्या हातात पैसे मोठ्या माणसानेच दिलेले असतात.

मुलावर ओरडू नका, त्याला नीट समजावून सांगा. पतंग कटून जातो, मांजा मात्र झाडाला, खांबाला अडकून रस्त्यावर आडवा लोंबत राहतो. दुचाकीवरून येणाऱ्याला तो दिसत नाही आणि थेट गळा चिरतो. स्कूटरवर पुढे उभं केलेलं लेकरू तर सगळ्यांत आधी त्याच्या वाटेत येतं. म्हणून हे दिवस तरी मुलांना पुढे उभं करू नका, गळ्याला जाड मफलर गुंडाळा आणि गाडी हळू चालवा. कुणी जखमी झालंच, तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा आणि 112 ला फोन करा.

कठडा नसलेल्या गच्चीवर मुलांना एकटं सोडू नका. विजेच्या तारेवरचा पतंग काठीने काढायला कुणी जाऊ नये, मोठ्यांनीही नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाखरं थव्याने ये-जा करतात, तेवढा वेळ पतंग खाली घ्या. अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

दुकानदार बंधूंनो, तुमचीही मुलं याच रस्त्याने शाळेत जातात. गट्टू विकू नका.

शिक्षकांनी उद्याच्या परिपाठात पाच मिनिटं यासाठी द्यावीत, आणि घरोघरचा नायलॉन मांजा शाळेत जमा करून घ्यावा. तो सुटा कचऱ्यात टाकू नका: बारीक तुकडे करा, पिशवीत घट्ट बांधा आणि घंटागाडीवाल्याला सांगूनच द्या.