उजळ कपड्यांतला चोर

इंग्लंडमधल्या वाचकांनी १८९८ साली एका चोराला डोक्यावर घेतले. ई. डब्ल्यू. हॉर्नंगचा हा रॅफल्स क्रिकेट झकास खेळतो, लंडनच्या पिकॅडिलीत बड्या लोकांच्या शेजारी राहतो आणि ज्यांच्या पंगतीला बसतो त्यांचेच दागिने लांबवतो. पहिल्याच कथेत त्याचा शाळासोबती बनी जुगारात हरून, न वटणारे चेक देऊन जीव द्यायला निघालेला असतो. रॅफल्स त्याला त्याच रात्री बाँड स्ट्रीटवरच्या जवाहिऱ्याच्या दुकानावर घेऊन जातो. वाचताना आपला जीव टांगणीला लागतो तो या दोघांसाठी. जवाहिऱ्याची आठवणही होत नाही.

हॉर्नंगचे मेहुणे आर्थर कॉनन डॉयल यांनी गुन्हेगाराला नायक करू नका, असे त्यांना बजावले होते. माझी तक्रार त्याहून मोठी आहे आणि ती वाचकांविरुद्ध आहे. बड्यांच्या हवेलीतला हार नाहीसा झाला की आधी मोलकरणीची ट्रंक उपसली जाते. तिचे काय झाले, हे आम्ही कधी विचारले? पोटासाठी पाव चोरणाऱ्याची आम्हाला किळस येते आणि मौजेसाठी हिरे चोरणाऱ्याचे कौतुक वाटते. हा आमच्या न्यायबुद्धीचा सडका भाग आहे.

फ्रान्समध्ये हे एकाच वर्षात दिसले. मार्च १९०५ मध्ये आमियाँ शहरात मारियुस जाकोब या अराज्यवादी घरफोड्याचा खटला चालला. श्रीमंतांची घरे आपण का लुटली, हे त्याने कोर्टाला ठणकावून सांगितले. त्याला जन्मभराची सक्तमजुरी झाली आणि फ्रेंच गयानाच्या वसाहतीत त्याची जवळजवळ वीस वर्षे गेली. त्याच वर्षी जुलैत मोरिस लब्लाँचा आर्सेन ल्युपाँ मासिकात अवतरला. हा चोर नर्मविनोदी, देखणा आणि पकडला गेला तरी निसटणारा. गरिबीचा जाब विचारणारा चोर काळ्या पाण्यावर गेला आणि सरदारांना हसवणारा चोर दिवाणखान्यात आला.

रॅफल्सवर लुब्ध झालेल्या ब्रिटिश साम्राज्याने १८७१ साली आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. अशा जमातीत जन्मलेले मूलच चोर! मोठ्या माणसांनी पोलिसांत हजेरी द्यायची, गाव सोडायला परवाना घ्यायचा. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारांच्या कुंपणात ठेवली गेली. १९५२ साली कायदा गेला, कपाळावरचा शिक्का मात्र राहिला. असा शिक्का बसलेल्या जमातीतल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या समाजातल्या माणसाला आपल्या घरात खोली भाड्याने दिली असती?

ल्युपाँच्या मालिका रात्रभर जागून पाहणाऱ्या माझ्या बांधवांनो, तुमच्या गावात घरफोडी झाली आणि कसलाही पुरावा नसताना पोलिसांची गाडी तोच शिक्का वागवणाऱ्या पारध्यांच्या पालाकडे वळली, तर तिच्या आडवे जा. पुरावा कुठे आहे, असे ठाण्यात जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी मागा.