दोन ठिपके, एक विमान

शत्रूचे विमान आले तर रडारवर दिसेलच, असे आपण गृहीत धरतो. पण एका रडारला आकाशाचा तुकडाच दिसतो. पृथ्वी गोल असल्याने वीस मीटर उंचीवरच्या अँटेनाला, शंभर मीटर उंचीवरून येणारे विमान साधारण ६० किलोमीटरच्या आत आल्यावरच सापडते. वाटेत डोंगर असला तर त्याहूनही उशिरा. म्हणून रडारांचे जाळे लागते आणि खरी गुंतागुंत तिथे सुरू होते.

दोन रडारांनी दोन ठिपके टिपले, तर विमाने दोन की एकच? हा प्रश्न ब्रिटनपुढे १९४० मध्येही होता. किनाऱ्यावरची 'चेन होम' केंद्रे विमानाचे अंतर बऱ्यापैकी अचूक सांगत, दिशा मात्र ढोबळ. लंडनजवळच्या बेंटली प्रायरी येथील 'फिल्टर रूम'मध्ये, म्हणजे माहिती गाळणाऱ्या कक्षात, वेगवेगळ्या केंद्रांनी कळवलेली अंतरे मोठ्या नकाशावर मांडली जात. प्रत्येक केंद्रापासून त्या अंतराचा कंस काढायचा. दोन कंस जिथे छेदतील, तिथे विमान.

आता हे काम संगणक करतो. विमानाच्या आधीच्या वेगावरून तो पुढची जागा ताडतो, नवा ठिपका तिच्याजवळ पडला तर त्याच मागाला, म्हणजे 'ट्रॅक'ला जोडतो आणि ज्या रडारचे मोजमाप अधिक अचूक त्याला जास्त वजन देतो. मात्र त्यासाठी सगळ्या रडारांची घड्याळे आणि दिशा जुळलेल्या हव्यात. ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदात २५० मीटर कापते. उत्तर दिशा एका अंशाने चुकली, तर शंभर किलोमीटरवरचा ठिपका पावणेदोन किलोमीटर सरकतो. मग एकाच विमानाची दोन दिसतात.

भारतीय हवाई दलाची 'आयएसीसीएस' ही एकात्मिक नियंत्रण प्रणाली लष्करी व नागरी रडारांची माहिती एकत्र आणते; लष्कराची 'आकाशतीर' तिला जोडली जाते. मे २०२५ च्या पाकिस्तानबरोबरच्या संघर्षात दोन्हींचे कौतुक झाले, ते रास्तच होते.

तरीही ठिपका कुठे आहे हे कळणे आणि तो कोणाचा हे कळणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांत नाशिकचा एक वैमानिक होता. ही मोठी चूक होती, अशी कबुली हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी दिली.

नव्या रडारच्या बातमीत पल्ला किती किलोमीटर, हे ठळक छापले जाते. जुन्या रडारांशी त्याचा मेळ बसवायला आणि 'आपला की परका' ओळखणारी यंत्रणा सतत तपासायला किती माणसे व पैसा दिला, हेही खरेदीच्या वेळीच विचारायला हवे.