चिठ्ठी ट्रंकेत ठेवायची नसते

मैत्रिणींनो, मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी तुम्ही कुठे ठेवता? देवाच्या फोटोमागे, की डाळीच्या डब्याखाली? आमच्या थोरल्या जाऊबाईंनी ती ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवली होती.

जाऊबाई मूर्तिजापूरकडे खेड्यात राहतात. छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली म्हणून त्यांनी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अकोल्याच्या सर्जनच्या नावे चिठ्ठी दिली. ही गोष्ट दसऱ्याची. आम्हाला कळली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला! विचारलं तर म्हणाल्या, "दुखत तं नाही ना बाई! कापूस वेचून होऊ दे, मंग जाऊ." 'तातडीने' हा शब्द चिठ्ठीत होता, पण इंग्रजीत.

दुसऱ्याच दिवशी त्यांना अकोल्याला नेलं. सुईची तपासणी झाली, ऑपरेशन झालं, उपचार अजून चालू आहेत. छातीतल्या पुष्कळशा गाठी साध्या निघतात हे खरं. पण साधी कोणती, हे घरी बसून कळत नाही. आणि दुखत नाही म्हणजे काही नाही, हा तर मोठाच गैरसमज!

म्हणून चिठ्ठी हाती पडली की खुर्चीवरून उठण्याआधी विचारा, "डॉक्टरसाहेब, किती दिवसांत जायचं?" आज, आठवड्यात की महिन्यात, ते मराठीत लिहून मागा. संकोच करू नका. त्रास कधीपासून, कोणती औषधं चालू, साखर-रक्तदाब किती, कोणतं औषध सोसत नाही, हेही चिठ्ठीत आलं पाहिजे. म्हणजे तिकडच्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मग कुठे जायचं ते विचारा. अमरावतीला इर्विन आणि बायकांसाठी डफरीन, अकोल्याला सर्वोपचार आणि बायकांसाठी लेडी हार्डिंग, ही सरकारी रुग्णालयं आपल्याला ठाऊक आहेतच. अमरावतीच्या 'सुपर'चं तर नावच विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. संदर्भ सेवा म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलेल्या रोग्यांसाठीची सेवा. तिथे चिठ्ठीचं मोल वेगळं सांगायला नको.

निघताना एका पिशवीत चिठ्ठी, तिची झेरॉक्स, जुने रिपोर्ट, औषधांच्या पट्ट्या, आधार आणि रेशनकार्ड घाला. फुले जनआरोग्य योजनेसाठी ही कार्डं लागतात. परत आल्यावर तिकडचे कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा. पुढची देखरेख तेच करणार आहेत.

मात्र छातीत कळ, तोंड वाकडं होणं, गरोदरपणी रक्तस्राव असं काही झालं, तर चिठ्ठीची वाट पाहायची नाही. सरळ १०८ ला फोन करायचा.

जाता जाता एक विचारते. यजमानांच्या नावाची चिठ्ठी आली तर आपण त्याच दिवशी एस.टी.चं वेळापत्रक पाहतो. मग आपल्याच नावाच्या चिठ्ठीला कापूस, पाहुणे, मुलांच्या परीक्षा का आडव्या येतात? आज दुपारी काम आटोपलं की ट्रंक उघडून पाहा बरं. एखादी चिठ्ठी सापडली, तर उद्याची गाडी चुकवू नका.