परवाना माणसाचा कीं यंत्राचा?

मरोळलगतच्या सीप्झमधून आज्ञावली देशोदेशीं जातात. तेव्हां त्यांच्या परवान्याचा प्रश्न मुंबईकरांस परका नाहीं. चकती, स्मृति, नेटवर्क-कार्ड इत्यादि भागांवरून संगणकाची ‘ओळख’ ठरवून परवाना तीस जखडण्याची रीत २००१ सालच्या विंडोज एक्सपीनें घरोघर नेली. चोरीस आळा बसावा, हें आम्हांस मान्यच आहे. परंतु कार्डाचा क्रमांक लबाडास सहज बदलतां येतो. उलट, बिघडलेले भाग बदलणारा प्रामाणिक ग्राहक मात्र संशयित ठरून पुन्हां परवानगीची याचना करतो! हा कोठला न्याय? मोल माणसानें मोजलें, यंत्रानें नव्हे. इंटेलनें १९९९ सालीं पेंटियम-३ मध्यें घातलेला ओळखक्रमांक लोकक्षोभामुळें पुढें सोडून दिला. आमच्या ग्राहकांनींही तोच बाणा दाखवावा, आणि यंत्र बदलल्यास परवाना विनातक्रार सोबत नेण्याचा हक्क करारांतच लिहून घ्यावा.