वॉर्डातला उघडा संगणक

रात्रपाळीत वॉर्डातल्या संगणकासमोर बहुतेक वेळा कोणीच नसते. निवासी डॉक्टर पेशंटकडे धावलेला असतो आणि पडद्यावर कोणाचा तरी एचआयव्हीचा रिपोर्ट उघडा असतो. एकदा अशाच उघड्या खात्यातून भलत्याच पेशंटच्या नावावर औषध नोंदले गेले. नोंद एका डॉक्टरच्या नावाने, करणारा दुसराच. सकाळी राउंडला सिस्टरांच्या लक्षात आले म्हणून निभावले.

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. तेव्हापासून सगळीकडे सुरक्षेची परिपत्रके निघतात. त्यातले एक कलम ठरलेले : काही मिनिटे संगणकाला हात लागला नाही, तर तो आपोआप बंद व्हावा. खरे सांगायचे तर दूरवरून येणारा हल्ला याने थांबत नाही. थांबतो तो जाता-येता पडद्यात डोकावणारा आणि दुसऱ्याच्या नावावर काम उरकणारा. तेही थोडके नाही.

पण किती मिनिटे? अमेरिकेच्या आरोग्य-माहिती कायद्याच्या नियमांत आपोआप लॉगआउटचा उल्लेख आहे, मिनिटांचा आकडा मात्र नाही. तो ज्या त्या संस्थेने ठरवायचा. हे शहाणपणाचे आहे. केसपेपरच्या खिडकीवर दोन-तीन मिनिटे चालतील. आयसीयूत तीच मर्यादा लावा, आठवड्याभरात पासवर्ड चिकटपट्टीने मॉनिटरवर लागलेला दिसेल. (आळस नव्हे, हातात ग्लोव्हज असतात.) शिवाय पडद्याला कुलूप लागणे वेगळे आणि खाते बंद होणे वेगळे. नुसते कुलूप लागले, तर सामाईक संगणकावर पुढच्या माणसाची वाट अडते. खातेच बंद झाले, तर अर्धवट लिहिलेली नोंद जाते. म्हणून नोंद आपोआप जतन होणे आधी हवे.

लिव्हरपूलच्या ऑल्डर हे बालरुग्णालयात सगळ्या प्रणालींसाठी एकच लॉगिन आणल्यावर पावणेदोन मिनिटांचे काम १० सेकंदांवर आले. परत शिरणे इतके सोपे असेल, तर बाहेर पडायला कोणी कुरकुरत नाही. आपल्याकडे २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. त्यामानाने वॉर्डात कार्ड टेकवून उघडणारी यंत्रे बसवणे स्वस्तच पडेल. ती येईपर्यंत निदान उठताना विंडोजची कळ आणि 'एल' दाबावी. त्याला निविदा काढावी लागत नाही.